वाफा आणि चौकट : थोड्या जागेतील बागाइताचा इतिहास



गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक संमेलनात एक लहानसा प्रसंग घडला. पुष्कळांच्या तो स्मरणात असेल. शहरात नोकरी करणाऱ्या एका तरुण ज्ञातिबंधूने प्रदर्शनाच्या दालनात फळ्यांची एक पेटी मांडली होती. ती चार फूट लांब, चार फूट रुंद व वीतभर उंच होती. तिच्यावर सुतळी ताणून सोळा चौकोन पाडलेले होते, आणि प्रत्येक चौकोनात निराळी भाजी उगवलेली होती. कोठे पालक, कोठे मुळा, कोठे कोबीचे एकच रोप. ते पाहून आपल्या समाजातील एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “अरे, ह्यात नवे ते काय? हा आपला वाफाच की! आपल्या आज्यापणज्यांनी हेच केले.” तरुणाने उत्तर दिले की, “आजोबा, ही पद्धत अमेरिकेतील आहे, एका इंजिनिअरने शोधलेली.” दोघांचाही स्वर थोडा चढला. तेव्हा अध्यक्षमहाशयांनी हसतहसत तो वाद आमच्या गळ्यात घातला व आज्ञा केली की, ह्याचा छडा लावून पुढील स्मरणिकेत लिहावे.

वर्षभर सवडीने ह्या विषयाचा धांडोळा घेतल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, वृद्ध गृहस्थांचे म्हणणे अर्धे खरे आणि तरुणाचेही अर्धेच खरे. त्यापुढे जाऊन असेही वाटते की, हा वाद केवळ मानाचा नाही. तो आपल्या पोटाचा आहे. तो कसा, हे क्रमाने सांगतो.

प्रथम जमिनीची गोष्ट. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाची बारकाईने पाहणी करून १९१७ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी जुने दप्तर तपासून दाखवले की, १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती १९१४-१५ च्या सुमारास सात एकरांवर आली. पुढे १९४७ साली मुंबई सरकारने जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून कायदा केला. तरी वाटण्या काही थांबल्या नाहीत. कृषिगणनेचे आकडे सांगतात की, सबंध महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीधारण ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टर झाले. आणि ज्या पिंपळे सौदागरावरून हा हिशेब सुरू झाला, ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरात विरून गेले आहे. जेथे मोट चालत होती, तेथे आता बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या सज्जांत राहणारी माणसे कुंडीत कोथिंबीर लावून समाधान मानतात.

तेव्हा “थोड्या जागेत अधिक कसे पिकवावे” हा प्रश्न आपल्यापुढे दोन्ही बाजूंनी आला आहे. ज्याला भावाभावांच्या वाटणीत दहा-वीस गुंठे आले, त्याच्यापुढेही तो आहे; आणि ज्याच्या वाट्याला केवळ गच्ची आली, त्याच्यापुढेही आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात कोणी कोणी दिले आहे, ते आता पाहू.

सर्वांत पुरातन उत्तरांपैकी एक मेक्सिको देशातले. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतली. ते नगर सरोवरात वसलेले होते, आणि त्याचे अन्न बऱ्याच अंशी सरोवरातच पिकत असे. उथळ पाण्यात कालवे खोदावयाचे, त्यांतील गाळ उपसून मधल्या अरुंद पट्ट्यांवर चढवावयाचा, काठ ढासळू नयेत म्हणून कडेने एका जातीची वाळुंजाची झाडे लावावयाची, अशी ही चिनांपा नावाची पद्धत. मुळाला ओल खालून, खत गाळातून. आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष म्हणजे त्यांची रोपे तयार करण्याची रीत. ओला गाळ ते जाड थरात पसरीत, तो थोडा सुकला की सुरीने त्याचे लहान लहान चौकोन कापीत, आणि एकेका चौकोनात बी घालीत. रोप मोठे झाले की मातीच्या त्या वडीसह उचलून जागेवर लावीत; मुळाला धक्का लागत नसे. म्हणजे उंच वाफा आणि चौकोनी चौकट, ही दोन्ही तेथे शतकानुशतके नांदत होती. त्या चिनांपांचा अवशेष मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को येथे आजही आहे, आणि १९८७ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला आहे.

आता त्याच खंडातील दुसरे टोक पाहा. न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशात झुनी नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या स्त्रिया घराजवळ मातीचे बुटके बांध घालून हात-दीड हात लांबीरुंदीचे चौकोन शेजारी-शेजारी करीत. वरून पाहिले असता ते मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे भासावे. पाणी घड्याने आणून एकेका चौकोनात ओतावयाचे. बांधामुळे ते वाहून जात नाही आणि वाराही रोपाला कमी लागतो. कांदा, मिरची, कोथिंबीर अशा पिकांसाठी ही रचना. येथेही चौकट आहे. पण वाफा उंच नाही, उलट खोल आहे. सरोवरातील माणसाने वाफा वर उचलला, वाळवंटातील माणसाने तो खाली दाबला. दोघेही शहाणेच होते. दोघांनी पाण्याला विचारून निर्णय घेतला.

येथे आपल्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे तपासून पाहता येते. देशावरील आपल्या मळ्यातला वाफा हा कोणत्या जातीचा? विहिरीवर मोट, मोटेतून पाणी थारोळ्यात, तेथून पाटाने मळ्यात, आणि दारे मोडून एकेका वाफ्यात. वाफ्याभोवती वरंबा, आत पाणी उभे राहील असा सखलपणा. मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण वाफ्यात, आणि वरंब्यावर मुळा. ही रचना झुनी स्त्रियांच्या चौकोनाची सख्खी बहीण आहे. अमेरिकन पेटीची नव्हे. आपल्याकडे उंच वाफाही होता व आहे, त्याला आपण गादीवाफा म्हणतो. परंतु तो मुख्यतः मिरची, वांगी, कांदा यांची रोपे टाकण्यापुरता, आणि पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजू नयेत म्हणून. तेव्हा “हा आपला वाफाच” असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. आपल्या पूर्वजांचे शहाणपण मोठे होते, म्हणूनच त्यांच्या नावावर त्यांनी न केलेली गोष्ट घालण्याची गरज नाही.

मग तरुणाची पेटी आली कोठून? तिचा एक धागा पॅरिस नगरीपर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकात त्या शहराच्या कडेला मरेशे नावाचे भाजीवाले बागवान होते. पूर्वी ते दलदलीच्या जमिनीत भाजी काढीत, त्यावरून हे नाव पडले. मोरो आणि दावेर्न ह्या दोघा बागवानांनी १८४५ साली आपल्या विद्येचा ग्रंथच लिहिला. शहरातील हजारो घोड्यांची लीद हे त्यांचे भांडवल. ताज्या लिदेच्या उबेवर काचेची तावदाने व काचेच्या घंटा झाकून ते भर थंडीत सॅलडची पाने काढीत. एका पिकाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, अशी त्यांची पेरणी. वाफा रिकामा म्हणून कधी नाही. रशियन विचारवंत क्रॉपॉट्किन याने १८९९ च्या आपल्या ग्रंथात पोन्स नावाच्या बागवानाचा हिशेब दिला आहे. २.७ एकरांत वर्षाला सुमारे अडीच लक्ष पौंड भाजीपाला! आपल्या मापाने पाहता १०८ गुंठ्यांत एक लक्ष तेरा हजार किलो, म्हणजे गुंठ्यास हजार किलोहून अधिक. अर्थात त्यामागे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारे हात होते आणि लिदेच्या गाड्यांवर गाड्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

त्याच ग्रंथातील एक गोष्ट आम्हांस फार विचार करावयास लावणारी वाटली. हे बागवान जमीन खंडाने घेत. परंतु खंडाच्या करारात अशी अट असे की, जागा सोडताना बागवानाला विशिष्ट खोलीपर्यंतची माती आपल्याबरोबर नेता यावी. कारण ती माती मालकाची नव्हती; बागवानाने वर्षानुवर्षे खत घालून ती घडवलेली होती. ह्या गोष्टीकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, शहर वाढले, आणि पॅरिसची ती विद्या मागे पडली. परंतु ॲलन चॅडविक नावाच्या इंग्रज बागवानाने १९६७ साली कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठात एका ओसाड उतारावर बाग उभी करून तिचे पुनरुज्जीवन केले. दोन फूट खोल खणून भुसभुशीत केलेला, आपोआप वर फुगून आलेला वाफा. त्यावर पाय म्हणून ठेवावयाचा नाही. रोपे दाट, पानाला पान भिडेल अशी. त्याच परंपरेतील जॉन जेव्हन्स यांनी १९७४ साली पुस्तक लिहून ही पद्धत पुष्कळ देशांत पोचवली. त्यांच्या वाफ्याला फळ्या नव्हत्या आणि चौकटही नव्हती.

चौकट आणली ती मेल बार्थोलोम्यू यांनी. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर राहणारे हे गृहस्थ पेशाने सिव्हिल इंजिनिअर. १९७५ च्या सुमारास कामातून निवृत्त झाल्यावर ते बागकामाकडे वळले, आणि त्यांना असे दिसले की, लोक वसंतात मोठ्या उत्साहाने लांब ओळी पेरतात आणि उन्हाळा भरात येईतो तण माजून बाग सोडून देतात. ओळींमध्ये तीन-तीन फूट जागा कशाला, असे विचारता वहिवाटीखेरीज दुसरे कारण मिळेना. ती रीत नांगर व औते चालणाऱ्या शेताची. परसात औत कोठे आहे? मग त्यांनी इंजिनिअरच्या रीतीने हिशेब मांडला. माणसाचा हात सहज दोन फूट पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पोचेल असा चार फुटांचा वाफा. त्याचे एकेक फुटाचे सोळा चौकोन. ज्या झाडाला बारा इंच अंतर हवे ते चौकोनात एक, सहा इंच हवे ती चार, चार इंच हवे ती नऊ, आणि तीन इंच पुरते ती सोळा. कोबी एक, लेट्यूस चार, पालक नऊ, गाजर सोळा. एक चौकोन काढून झाला की त्यात मूठभर खत घालून लगेच दुसरे पीक. १९८१ साली त्यांचे ‘स्क्वेअर फूट गार्डनिंग’ हे पुस्तक निघाले, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले, आणि २०१६ साली ते निवर्तले तोपर्यंत ही पद्धत सर्वदूर गेली होती. जमिनीतील मातीऐवजी फळ्यांच्या पेटीत सहा इंच मिश्रण भरण्याची रीतही त्यांचीच. त्या मिश्रणात कंपोस्ट, पीट मॉस आणि व्हर्मिक्युलाइट ही तिन्ही समभाग.

म्हणून तरुणाला आम्ही असे सांगू की, उंच वाफा अमेरिकन इंजिनिअरने शोधला नाही, दाट लागवडही नाही, चौकोनही सर्वस्वी त्याचा नाही. त्याने जे दिले ते माप. नवख्या माणसाला, ज्याच्या घरात कोणी बागवान नव्हता अशा माणसाला, चुकू न देणारे माप. हे ऋण लहान नाही. आपल्या आज्याला अंतर हाताला ठाऊक होते. पण ज्याच्या हाताला ते ठाऊक नाही त्याला शिकवावे कसे, हा प्रश्न आपण कधी सोडवला नाही. बाप मुलाला मळ्यात घेऊन जाई, तोवर त्याची गरजही पडली नाही.

येथे एक हिशेब आम्ही स्वतः करून पाहिला, तो ज्ञातिबंधूंनी ताडून पाहावा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. त्यात चार फुटांचे चौकोनी वाफे, भोवती दोन-दोन फुटांच्या वाटा ठेवून मांडले, तर पाच ओळींत पाच, असे पंचवीस वाफे बसतात. म्हणजे पिकाखाली अवघे चारशे चौरस फूट. शेकडा सुमारे सदतीस. बाकी सारी वाट! तेच वाफे चार फूट रुंद पण एकोणतीस फूट लांब असे पाच घातले, तर पिकाखाली ५८० चौरस फूट येतात, शेकडा त्रेपन्न. म्हणून गच्चीवर, अंगणात, सोळा प्रकार हवे असणाऱ्या गृहिणीला चौकोनी पेटी उत्तम. पण ज्याच्याजवळ गुंठे आहेत त्याने लांब वाफाच घालावा. पॅरिसच्या बागवानांनी तेच केले. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडल्यावर तेल व खते मिळेनाशी झाली, तेव्हा क्यूबाच्या हवाना शहरात पडीक जागांवर कडा बांधून, आत माती व सेंद्रिय खत भरून जे भाजीचे वाफे उभे राहिले, तेही लांबच होते. ह्या ठिकाणी वृद्ध गृहस्थांचा विजय झाला, हे मान्य केले पाहिजे.

आणखी दोन सावधगिऱ्या. पहिली पाण्याची. उंच पेटी चारी बाजूंनी वाळते. थंड व ओल्या मुलखात तो गुण आहे. कोकणातील पावसाळ्यातही गुणच. परंतु देशावर चैत्र-वैशाखात तोच दोष होतो. तेथे पेटी जमिनीत अर्धी पुरावी किंवा सरळ सखल वाफा करावा, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. दुसरी मातीची. पीट मॉस हे थंड देशांतील दलदलीत हजारो वर्षांनी साचणारे द्रव्य. ते विकत आणून मुंबईच्या गच्चीवर मेथी लावणे हा शहाणपणा नव्हे. नारळाच्या काथ्याचा भुसा आपल्याकडे मिळतो. मुंबईत डॉ. दोशी यांनी उसाची चिपाडे व घरातील ओला कचरा यांवरच गच्चीत भाजी व फळझाडे काढून दाखवली. शिवाय सहा इंचांत इंग्रजी मुळा येईल. आपला हातभर लांब मुळा तेथे वाकडाच होणार.

महाराष्ट्रातही ह्या विषयाला माप देणारा एक मनुष्य होऊन गेला. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक, बागवान नव्हेत. त्यांनी प्रयोग परिवार उभा करून शेतकऱ्यांना पानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा हिशेब करावयास शिकवले, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब स्वावलंबी कसे होईल, ह्याचा विचार मांडला. २००१ साली ते गेले. तेथे इंजिनिअर, येथे गणिती. आमच्या मनाला हे थोडे लागते. ज्या विद्येत आपली ज्ञाति पिढ्यानपिढ्या वाढली, तिचे शास्त्र बाहेरच्यांनी का लिहावे?

त्याचे कारणही इतिहासातच आहे. श्रीसंत सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. शके १२१७ मध्ये ते समाधिस्थ झाले. महात्मा जोतीरावांच्या घराण्याचे आडनावच फुलांच्या व्यवसायावरून पडले; १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी शेतातून वाहून जाणारी माती तालीबांधांनी अडवावी, असे बजावले. पण १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुटला आणि आपल्यातील पराक्रमी मंडळी पाटाच्या पाण्यामागे ऊस लावीत गेली. १९३२ साली सासवडच्या माळी बांधवांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, त्यातून माळीनगर वसले. तो आपल्या समाजाचा योग्य अभिमान आहे. मात्र मोठ्या शेताच्या त्या तेजात लहान वाफा दिसेनासा झाला. आता मोठी शेते पुन्हा लहान होत आहेत, आणि वाफ्याची विद्या जाणणारी पिढी उठून चालली आहे.

येथे खोटी आशा दाखवण्याचा आमचा हेतू नाही. सोळा चौकोनांत कुटुंबाचे पोट भरत नाही. ज्वारी-बाजरी त्यांत येत नाही. ताजी पालेभाजी, मुलांना मातीची ओळख आणि बाजाराच्या पिशवीतून चार पैशांची बचत, एवढेच पेटीतून मिळते. दहा-वीस गुंठ्यांचे बागाइत मात्र खरे उत्पन्न देऊ शकते. पण पाणी, खत आणि रोजची राबणूक असेल तरच.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. ज्ञातीतील जे वृद्ध स्त्रीपुरुष मळ्यात राबलेले आहेत, त्यांच्याजवळ बसून तरुणांनी प्रत्येक पिकाचे अंतर, खोली, पाण्याच्या पाळ्या व जोडपीक यांचे टिपण करावे. हाताला ठाऊक असलेले सारे मापात उतरवावे. त्या तरुणाने पेटी आणली आहेच. आजोबांनी तिच्याशेजारी बसून सोळाही चौकोन भरून द्यावेत. हे काम लवकर झाले पाहिजे, कारण आजोबा वाट पाहतील, पण काळ पाहणार नाही.

आणि ज्यांची जमीन गेली, त्यांच्यासाठी पॅरिसच्या बागवानाची ती गोष्ट पुन्हा सांगतो. जमीन दुसऱ्याची होती. माती त्याची होती, कारण त्याने ती केलेली होती. जागा सोडताना तो ती गाडीत भरून पुढच्या जागेवर नेत असे. सातबाऱ्यावरचे नाव वाटणीत पुसले जाते, विकून जाते, शहराच्या पोटात जाते. माती करण्याची विद्या तेवढी बरोबर नेता येते. ती आपल्या घरात अजून आहे. ती पुढच्या घरी पोचवणे आपल्या हाती आहे.